साल्झबुर्ग सायकलवरून: आधी गड, मग नदी

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या किल्ल्यावर सायकल नेता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. चढ खडा आहे, वाट चालणाऱ्यांनी भरलेली असते आणि वर दरवाजामागून दरवाजे लागतात. पायथ्यापासूनचं शहर मात्र सायकलसाठीच वसवल्यासारखं आहे. आल्प्सच्या कुशीतलं शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घाट आणि वळणं येतात. इथे तसं नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ४२५ मीटरवर साल्झाख नदीने पसरवलेलं सपाट खोरं आहे आणि त्यातून म्योन्शबेर्ग, कापुझिनरबेर्ग असे सुटे डोंगर एकदम वर उठलेले आहेत. त्यामुळे दिवसाची विभागणी आपोआप होते. जे सपाट आहे ते सायकलने करायचं आणि जो डोंगर आहे तो पायी.

बहुतेक लोक आधी शहरभर भटकतात आणि दमल्यावर दुपारी किल्ल्याकडे वळतात. मी उलट क्रम सुचवेन. सकाळी किल्ला उघडतानाच वर जा. तटावरून नदी कुठून येते, कुठे वळते, दक्षिणेला उंटर्सबेर्गचा पहाड कुठे आहे, त्याच्या दिशेने जाणारी झाडांची सरळ रांग कोणती, हे सगळं दिसतं. दिवसभर जिथे सायकल चालवायची तो सारा मुलूख आधी डोळ्यांखालून जातो. मग खाली उतरल्यावर नकाशा बघायला फारसं थांबावं लागत नाही.

कधी जावं, कसं पोहोचावं

मे, जून आणि सप्टेंबर हे माझ्या मते सर्वांत चांगले महिने. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत इथला प्रसिद्ध संगीत महोत्सव असतो. १९२० पासून चालत आलेल्या या महोत्सवाच्या दिवसांत राहण्याच्या जागा महागतात आणि जुन्या गावात सायकल ढकलत नेणंही कठीण होतं. उन्हाळा इथला पावसाळी ऋतूही आहे. इथल्या पावसाला स्थानिक लोक ‘श्न्यूर्लरेगन’ म्हणतात, म्हणजे दोरीसारखा पडणारा पाऊस. आपल्याकडच्या मुसळधार पावसासारखा तो कोसळत नाही. बारीक, सरळ, न थांबता तासन्‌तास पडत राहतो आणि नकळत हाडांपर्यंत भिजवतो. म्हणून छत्री नको, अंगावरचा पातळ रेनकोट आणि खोगिरावर घालायला एक प्लास्टिकची पिशवी ठेवा.

म्युनिकमध्ये आणि आसपास राहणाऱ्या मराठी घरांसाठी ही एका दिवसाची सहल आहे. बव्हेरियाचं दिवसभराचं प्रादेशिक तिकीट, म्हणजे बायर्न तिकीट, सीमेपलीकडच्या साल्झबुर्ग मुख्य स्थानकापर्यंत चालतं. जर्मनीचं मासिक डॉइचलँड तिकीटही चालतं. दोन्ही फक्त प्रादेशिक गाड्यांत. स्वतःची सायकल नेणार असाल तर तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. सीमा ओलांडताना कधीकधी तपासणी होते, पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना जवळ असू द्या. व्हिएन्नाहून येत असाल आणि जलद गाडीत सायकल चढवायची असेल, तर तिची जागा आधी राखून ठेवा.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. सायकल भाड्याने देणारे त्या दिवशी किती वाजता उघडतात हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. एकाच दिवसात किल्ला आणि हेलब्रुनचा राजवाडा दोन्ही बघायचे असतील तर ‘साल्झबुर्ग कार्ड’चा हिशेब मांडून बघा. त्यात दोन्हींचा प्रवेश, किल्ल्याची दोरीवरची रेल्वे आणि शहरातली बस येते. सायकलचं भाडं त्यात येत नाही.

सायकल ताब्यात घेताना

इथे पाच मिनिटं जास्त घालवा. भारतातून गेलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका ब्रेकचा असतो. आपल्याकडे साधारणपणे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, ऑस्ट्रियात डाव्या हाताचा. घाईत सवयीचा हात आवळला जातो आणि भलतंच चाक अडतं. पहिल्या दिवशी एका उतारावर मी डावा ब्रेक जोरात दाबला आणि मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. पडलो नाही, पण तेव्हापासून नवी सायकल हातात आली की आधी मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघतो. काही सायकलींना पायाचाही ब्रेक असतो. पायडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. पायडल सहज मागे फिरवून पाय जुळवून घ्यायची आपली सवय अशा सायकलवर महागात पडते. तेव्हा कोणता ब्रेक कुठला, हे दुकानदाराला हाताने दाखवायला सांगा.

मग घंटी, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा, पायडलवरचे पिवळे परावर्तक आणि चाकांच्या आऱ्यांवरचे परावर्तक आहेत ना ते बघा. कायद्याने हे सगळं लागतं. दिवसा चांगला उजेड असताना दिवे नसले तरी चालतं, पण परतायला संध्याकाळ झाली तर अडचण होते. कुलूप जाड मागा. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेटची सक्ती आहे. मोठ्यांना नाही, तरी मी घालतो आणि तुम्हीही घाला.

विजेची सायकल घ्यावी का? या मार्गावर तिची गरज नाही. गुडघे दुखत असतील किंवा पुढे दक्षिणेला हालाइन गावापर्यंत जायचं असेल तर घ्या.

रस्त्यावरचे काही नियम

वाहतूक उजवीकडून चालते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातून येणारा दुसरा नियम विसरला जातो. ज्या चौकात ना सिग्नल आहे ना पाटी, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. लहान गल्लीतून येणारी गाडीसुद्धा उजवीकडून आली तर तिचा हक्क पहिला. वळताना हात दाखवणं बंधनकारक आहे. फुटपाथवर सायकल चालवायची नाही. हातात फोन धरून चालवली तर दंड होतो. झेब्रावर कोणी पाय ठेवायच्या बेतात दिसलं तरी थांबायचं.

निळ्या गोल पाटीवर सायकलचं चित्र असेल तर तोच मार्ग वापरणं बंधनकारक. तीच पाटी चौकोनी असेल तर वापरायचा की नाही ते तुमच्यावर. एकदिशा रस्त्याच्या पाटीखाली ‘आउसगेनोमेन राडफारर’ असं लिहिलेलं ओळखता आलं की बरीच वळणं वाचतात. म्हणजे हा नियम सायकलवाल्यांना लागू नाही. आणि जुन्या गावातल्या पादचारी भागात शिरलात की उतरून सायकल ढकला. ढकलणारा माणूस कायद्याने पादचारीच.

आणखी एक सूचना बसबद्दल. साल्झबुर्गमध्ये १९४० पासून वरच्या तारांवर चालणाऱ्या विजेच्या बसेस आहेत. त्या मागून येताना आवाज फारच कमी करतात. कानावर भिस्त ठेवून रस्ता ओलांडायची किंवा लेन बदलायची सवय असलेल्या आपल्या लोकांनी मान वळवून बघायचंच.

पहिला टप्पा: स्थानक ते कापिटेलप्लात्स

मुख्य स्थानक नदीच्या उजव्या काठाकडे आहे. शहरातल्या वाहतुकीतून वाट काढण्याऐवजी आधी सरळ पश्चिमेला नदी गाठा. एलिझाबेथकाई हा काठ लागला की डावीकडे वळून नदीच्या उलट दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे चला. पाणी तुमच्याकडे वाहत येत असेल तर दिशा बरोबर आहे.

काठावरचा सायकलमार्ग पुलांखालून जातो, त्यामुळे सिग्नल लागत नाहीत. पण प्रत्येक पुलाखाली वाट थोडी खाली उतरते, अरुंद होते आणि समोरून येणारा दिसत नाही. घंटी वाजवा, उजवीकडे राहा, वेग कमी करा. सकाळी कामाला निघालेले स्थानिक सायकलस्वार इथून भरधाव जातात. फोटोसाठी वाटेत थांबू नका, बाजूला व्हा. नदीला पूर असेल तर या खालच्या वाटा बंद करतात, तेव्हा वरच्या रस्त्याने जावं लागतं.

दोनेक किलोमीटरवर मोठा पूल येतो, श्टाट्सब्र्यूके. तो ओलांडून डाव्या काठाला या, थोडं पुढे जाऊन उतरा आणि मोत्सार्टप्लात्स, रेसिडेन्झप्लात्स असे चौक सायकल ढकलत पार करा. कॅथेड्रलच्या दक्षिणेला कापिटेलप्लात्स हा मोकळा चौक आहे. त्यात मोठा सोनेरी गोल आणि त्यावर उभा माणूस दिसेल, जमिनीवर आखलेला प्रचंड बुद्धिबळाचा पटही. मान वर केली की थेट किल्ला. इथेच स्टँडला सायकल कुलूपबंद करा, चौकट आणि चाक दोन्ही धरून.

वर चढण्याआधी शेजारीच सेंट पीटर मठाच्या बेकरीत जा. लाकडाच्या भट्टीत भाजलेली राईची आंबट पाव-लादी घ्या, तिच्यावर दुपार निघते. दारातच पाण्यावर फिरणारं लाकडी चाक आहे. ते नीट बघून ठेवा, हेच पाणी संध्याकाळी पुन्हा भेटणार आहे.

दुसरा टप्पा: किल्ला

दोरीवरची रेल्वे १८९२ पासून चालू आहे आणि मिनिटभरात वर नेते. तरी पाय धड असतील तर जाताना चालत जा, येताना रेल्वेने या. गुडघ्यांना खरा त्रास उतारावर होतो. शिवाय किल्ला कळतो तो त्याच्या दरवाजांतून. सह्याद्रीत फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. रेल्वेने गेलात तर थेट बालेकिल्ल्यात उतरता आणि शत्रूला कुठे, कसं अडवायचं ठरवलं होतं ते कळतच नाही.

फेस्टुंग्सगासेची चढण दमवते, पण पंधरा-वीस मिनिटांत संपते. वाट वळत वळत कमानींखालून जाते आणि प्रत्येक कमान वरच्या तटाच्या माऱ्यात आहे. कमानींवरची राजचिन्हं बघत चला. इथे राज्य होतं ते आर्चबिशपचं. धर्मगुरूच राजा. मीठ हे त्याचं उत्पन्न. साल्झ म्हणजे मीठ, बुर्ग म्हणजे गड. वरच्या अंगाला हालाइनजवळच्या ड्यूर्नबेर्ग डोंगरातलं मीठ साल्झाखमधून होड्यांनी खाली यायचं.

गडाचा पाया १०७७ मध्ये आर्चबिशप गेबहार्डने घातला. पोप आणि सम्राट यांच्या भांडणात तो पोपच्या बाजूचा होता आणि त्याला सुरक्षित जागा हवी होती. आज दिसणारा गड मात्र बराचसा लेओनहार्ड फॉन कॉइट्शाखचा. तो १४९५ ते १५१९ गादीवर होता आणि त्याच्या घराण्याचं चिन्ह होतं सलगम. गडावर जिथे जिथे भिंतीत कोरलेला सलगम दिसेल तिथलं काम त्याचं. पन्नासहून जास्त ठिकाणी तो आहे. बरोबर मुलं असतील तर त्यांना सलगम मोजायला लावा, चढण कधी संपली ते कळणार नाही.

वर पोहोचल्यावर आधी वरच्या मजल्यावरची राजदालनं बघा, गर्दी व्हायच्या आत. सुवर्णदालनाचं छत निळं आहे आणि त्यावर सोन्याच्या बुट्ट्या ताऱ्यांसारख्या जडवल्या आहेत. छत तोलायला १७ मीटर लांबीची एकच तुळई आहे. एवढं लाकूड त्या काळी डोंगरावर चढवलं कसं असेल, हा प्रश्न मला तिथून निघेपर्यंत सोडत नाही. शेजारच्या खोलीत १५०१ ची रंगीत चिनीमातीच्या फरशांची शेगडी आहे. फळं, फुलं, संत, राजे असं सगळं तिच्यावर आहे. घाई करू नका, वर-खाली नीट बघा.

‘साल्झबुर्गचा बैल’ हे गडावरचं १५०२ चं वाद्य. नळ्यांचा यांत्रिक ऑर्गन आहे. हंगामात दिवसातून तीनदा तो वाजतो आणि धुन सुरू होण्याआधी व संपल्यावर एकच दणदणीत सूर काढतो, बैलाच्या हंबरण्यासारखा. तो खालच्या गावापर्यंत ऐकू जातो. बैलाची दुसरी गोष्ट लोककथेतली. वेढ्यात गडावर एकच बैल उरला, तेव्हा गडकऱ्यांनी तो रोज धुऊन वेगळ्या रंगात रंगवून तटावर फिरवला, म्हणजे खाली बसलेल्यांना वाटावं की वर धान्य-जनावरांची रेलचेल आहे. साल्झबुर्गकरांना अजून ‘बैल धुणारे’ म्हणतात. गडाला खराखुरा वेढा पडला होता १५२५ च्या उन्हाळ्यात, शेतकऱ्यांच्या बंडात. गड पडला नाही. १८०० मध्ये मात्र तो न लढताच फ्रेंचांच्या हवाली झाला.

आतल्या चौकात पाण्याचं टाकं आहे. नॉनबेर्गच्या मठाच्या बाजूने माल ओढून वर नेणारी एक जुनी गाडी आहे, राइसझुग. १५०० च्या सुमारास ती सुरू झाली आणि १५१५ च्या एका वर्णनात तिचा उल्लेख आहे. तेव्हा लाकडी रुळांवरून घसरगाडी दोराने ओढत. आता वीज आहे, पण वाट तीच आणि गडाला लागणारा माल आजही तिच्यातूनच चढतो. माणसांना तिच्यात बसता येत नाही. तटावरून वाकून बघितलं तर उभा चढणारा रूळ दिसतो.

शेवटी दक्षिणेकडच्या तटावर उभे राहा. समोर उंटर्सबेर्ग, त्याच्या अलीकडे सपाट कुरणं, आणि कुरणांतून हेलब्रुनकडे जाणारी झाडांची रांग. या रांगेची आणि तुम्ही उभे आहात त्या गडाची गाठ एका भाऊबंदकीत आहे. आर्चबिशप वोल्फ डीट्रिखने जुनं कॅथेड्रल पाडलं, शहराची जुनी गल्लीबोळं मोडून मोठे चौक काढले. १६११ मध्ये मिठावरून त्याचं शेजारच्या बव्हेरियाशी युद्ध पेटलं आणि तो हरला. त्याच्या जागी आला त्याचाच मामेभाऊ मार्कुस सिटिकुस. त्याने वोल्फ डीट्रिखला याच गडावर कैदेत ठेवलं, मरेपर्यंत. १६१७ मध्ये तो इथेच वारला. तो कैदेत असतानाच, १६१३ ते १६१५ या काळात, मामेभाऊ खाली हेलब्रुनला पाण्याच्या कारंज्यांचा विलासी महाल बांधत होता. हे मनात ठेवून खाली उतरा, पुढचा रस्ता वेगळा दिसतो.

गडासाठी अडीच तास ठेवा. म्योन्शबेर्गच्या माथ्यावरून दुसऱ्या टोकाला चालत जाता येतं, पण सायकल कापिटेलप्लात्सला असेल तर ती भटकंती दुसऱ्या दिवसासाठी राखा.

तिसरा टप्पा: हेलब्रुनची सरळ वाट

कायगासेमार्गे नॉनटाल भागात या, तिथून फ्रायझाल या तळ्यातल्या छोट्या वाड्यापाशी. पाट्या हेलब्रुनच्या असतात, चुकायला जागा नाही. तिथून हेलब्रुनर आले सुरू होते, १६१५ च्या सुमारास लावलेली, जवळपास तीन किलोमीटरची झाडांची सरळ वाट. गाड्या नाहीत. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, कुरणं, मधूनच पिवळसर वाडे. इथे धावणारे, घोडेस्वार, आजीआजोबा, बाळांच्या गाड्या सगळे एकाच वाटेवर असतात. वेग दाखवायची ही जागा नव्हे.

हेलब्रुनची कारंजी साधारण एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात आणि ती बघायला वाटाड्याबरोबर गटाने जावं लागतं. फोन आणि कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दगडी टेबलाभोवतीच्या बैठकांतून पाणी उडतं. पाहुण्यांना जेवताना भिजवायची आर्चबिशपची ती करमणूक. यजमान बसलेला असेपर्यंत पाहुण्याने उठायचं नाही हा दरबारी रिवाज होता, म्हणून ते भिजत बसायचे. यजमानाची बैठक कोरडी. पुढे पाण्याच्या बळावर हलणाऱ्या लाकडी बाहुल्यांचं एक आख्खं गाव आहे, अठराव्या शतकाच्या मध्यातलं. पंप कुठेच नाहीत, सगळं उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतं.

परतीची वाट

पाय दमले असतील तर पूर्वेला नदी गाठा आणि काठाने उत्तरेकडे, पाण्याच्या बरोबर, पाच-सहा किलोमीटर सपाट परत या. उत्साह उरला असेल तर नदीच्या उलट दिशेने हालाइनपर्यंत जा आणि तिथून लोकल गाडीने परत या. हा तुकडा लांब पल्ल्याच्या टाउएर्न सायकलमार्गाचाच भाग आहे.

माझी आवडती वाट मात्र तिसरी आहे. हेलब्रुनहून पश्चिमेला ग्नाइसकडे जाऊन आल्मकॅनालचा काठ धरायचा. हा कालवा उंटर्सबेर्गच्या बाजूने पाणी आणतो. बारीक, वेगवान, स्वच्छ पाणी, काठाला घरं आणि बागा, उन्हाळ्यात त्यात उड्या मारणारी मुलं. शहराजवळ आल्यावर हा कालवा डोंगराच्या पोटात शिरतो. ११३७ ते ११४३ या काळात म्योन्शबेर्गमधून खोदलेला बोगदा अजून वापरात आहे आणि सकाळी बेकरीच्या दारात फिरणारं चाक याच पाण्यावर चालतं.

वाटेत लेओपोल्ड्सक्रोनच्या तळ्याकाठी थांबा. सूर्य कलला की गडाची दक्षिणेकडची भिंत सोनेरी होते आणि तळ्यात उतरते. इथून जुन्या गावात शिरायला म्योन्शबेर्गमधला नॉयटोर बोगदा आहे. १७६४ ते १७६७ मध्ये खडकातून आरपार काढलेला. सायकलने जाता येतं, आत दिवे लावा. गावाच्या बाजूच्या तोंडाशी लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘तुझ्याबद्दल दगड बोलतात’. बाहेर पडून डावीकडे वळलात की गेस्टेटनगासे, डोंगराच्या कड्याला चिकटलेली घरं. १६६९ मध्ये इथे कडा कोसळून दोनशेहून जास्त माणसं गेली. म्हणून दरवर्षी दोरावर लटकून सैल झालेले दगड काढणारे कामगार या कड्यावर उतरतात. वसंत ऋतूत गेलात तर दिसतील. खाली वाट अडवलेली असेल तर थांबा, ते काम संपेपर्यंत पुढे सरकू नका.

तिथून नदी दोन मिनिटांवर. पूल ओलांडून एलिझाबेथकाईने स्थानकाकडे, सकाळच्याच वाटेने.